दुखणं अंगावर काढायचं की दवाखान्याची पायरी चढायची?

एक हजार प्रौढ माणसांचं एक गाव डोळ्यासमोर आणा. या हजार जणांपैकी किती जणांना एका महिन्यात काही ना काही दुखतं-खुपतं? आणि त्यातले किती जण डॉक्टरकडे जातात? पुढे वाचण्याआधी मनात एक आकडा धरा.

१९६१ साली कर व्हाइट या अमेरिकी डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या पाहण्यांचे आकडे एकत्र करून याचं उत्तर मांडलं. हजारातल्या साधारण ७५० जणांना महिन्याभरात काहीतरी आजार किंवा इजा होते. त्यातले २५० जण डॉक्टरला दाखवतात. ९ जण हॉस्पिटलमध्ये दाखल होतात, ५ जणांना एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे पाठवलं जातं, आणि विद्यापीठाच्या मोठ्या हॉस्पिटलपर्यंत पोचतो फक्त एक. २००१ साली अमेरिकेत मुलांनाही धरून हाच हिशोब पुन्हा मांडला गेला. हजारात सुमारे ८०० जणांना काही लक्षणं जाणवली, २१७ जण डॉक्टरच्या दवाखान्यात गेले, ८ जण हॉस्पिटलमध्ये दाखल झाले, आणि विद्यापीठाच्या हॉस्पिटलमध्ये दाखल होणारे एकाहूनही कमी निघाले. मधल्या चाळीस वर्षांत औषधं बदलली, स्कॅन आले, इन्शुरन्सचे कागद दसपट झाले, पण चित्र जवळपास तेच राहिलं.

व्हाइट यांचा मुद्दा साधा होता. नवे डॉक्टर शिकतात ते त्या एकाकडे बघून. मोठं संशोधन होतं तेही बहुतेक त्याच एकावर. मग उरलेल्या साडेसातशेंचं काय?

त्यातले पाचशे जण जे करतात त्याला आपण म्हणतो ‘अंगावर काढणं’. सर्दी, अंगदुखी, पोट बिघडणं, पाठीत उसण भरणं. यातलं बरंचसं खरोखरच आपोआप बरं होतं, आणि घरी थांबणं हाच शहाणपणा असतो. पण त्याच पाचशेंमध्ये अशीही काही माणसं असतात ज्यांनी त्याच आठवड्यात जायला हवं होतं. ती का गेली नाहीत, हा माझ्या कामाचा विषय आहे. आमच्या क्षेत्रात याला ‘आरोग्यसेवांच्या वापराचा अभ्यास’ असं रुक्ष नाव आहे. पॉडकास्टवर बोलताना आकडे कानांवरून निघून जातात, म्हणून यावेळी हे सगळं नीट लिहून काढते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घेऊ. हॉस्पिटलच्या नोंदवहीत दिसतात ती आलेली माणसं. न आलेली माणसं कुठल्याच वहीत नसतात. एखाद्या भागातून मधुमेहाचे रुग्ण कमी येतात, याचा अर्थ तिथे मधुमेह कमी आहे असा असू शकतो, किंवा तिथल्या लोकांना येणं जमत नाही असाही असू शकतो. कागदावर दोन्ही आकडे सारखेच दिसतात. त्यावरून निधी वाटला, दवाखाने उघडले किंवा बंद केले, तर ज्यांना पोचता येत नाही त्यांच्यापासून सेवा आणखी लांब जाते.

माणूस नेमका कधी उठतो?

आपल्याला वाटतं की दुखणं वाढलं की माणूस डॉक्टरकडे जातो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ इर्व्हिंग झोला यांनी बॉस्टनमधल्या ओपीडींमध्ये पहिल्यांदाच आलेल्या रुग्णांना वेगळा प्रश्न विचारला: हा त्रास तर बरेच दिवस होता, मग आजच का आलात? १९७३ साली त्यांनी मांडलेली उत्तरं आजही ताजी वाटतात. बऱ्याच जणांचं दुखणं त्या दिवशी काही विशेष वाढलेलं नव्हतं. बदललं होतं ते आजूबाजूचं आयुष्य.

झोला यांना पाच कारणं सापडली. घरात किंवा नात्यात काही उलथापालथ झाली. दुखण्यामुळे लोकांत मिसळणं अवघड झालं. कामधंदा किंवा रोजची हालचाल अडली. माणसाने स्वतःलाच मुदत घातली होती, ‘सोमवारपर्यंत थांबलं नाही तर दाखवतो’, आणि तो सोमवार उजाडला. आणि पाचवं कारण, घरातल्या कुणीतरी लकडा लावला: ‘अहो, एकदा दाखवून तरी या.’

परदेशात एकटं राहणाऱ्यांनी या शेवटच्या कारणापाशी जरा थांबावं. घरी असताना सकाळी तुमचा चेहरा बघून आई विचारते, ‘काय गं, डोळे का असे दिसतायत?’ बाबा दोन दिवस खोकला ऐकतात आणि तिसऱ्या दिवशी स्कूटर काढतात. ही माणसं कुठल्याही आरोग्य खात्याच्या पगारावर नसतात, पण तुम्ही दवाखान्यात कधी पोचता हे त्यांच्यामुळे ठरत असतं. मँचेस्टरच्या स्टुडिओ फ्लॅटमध्ये किंवा दोहाच्या शेअरिंगच्या खोलीत तो चेहरा बघणारं कुणी नसतं. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर वीस मिनिटं ठीकठाक दिसणं कुणालाही जमतं. म्हणजे दुखणं तेच, सहनशक्तीही तीच, पण लकडा लावणारं माणूस वजा झालं. झोला यांच्या यादीप्रमाणे मग दवाखान्यात पोचायला उशीर झाला तर नवल नाही.

गरज, घडण आणि हाताशी काय आहे

१९६८ साली रोनाल्ड अँडरसन या संशोधकाने या सगळ्याची एक सोपी मांडणी केली. पुढे तिच्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण सांगाडा तोच राहिला. आरोग्यसेवा कोण किती वापरतं हे तीन गोष्टींवर ठरतं. पहिली, माणसाची आधीपासूनची घडण: वय, स्त्री की पुरुष, शिक्षण, आजाराबद्दलची समज, डॉक्टरांवरचा विश्वास. दुसरी, हाताशी असलेली साधनं: पैसा, विमा, सुट्टी, वाहन, जवळचा दवाखाना, भाषा. तिसरी, गरज. म्हणजे स्वतःला किती त्रास वाटतो आणि डॉक्टरांच्या मते तो किती गंभीर आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा दुबईत एकाच कंपनीत दोन मराठी माणसं आहेत. एक ऑफिसात बसून कामाचं वेळापत्रक आखतो, दुसरा साइटवर सळ्या बांधतो. दोघांचीही कंबर धरली आहे. विमा दोघांनाही आहे. पहिला माणूस मीटिंग पुढे ढकलतो, टॅक्सीने जातो, इंग्रजीत बोलतो आणि संध्याकाळी फिजिओथेरपीची वेळ घेऊन येतो. दुसऱ्याला आधी सुपरवायझरला सांगावं लागतं, दिवसाची मजुरी जाईल का ते बघावं लागतं, कॅम्पपासून जायची सोय शोधावी लागते, आणि ‘कामाला अयोग्य’ असा शेरा पडला तर व्हिसाचं काय, ही धास्ती वेगळीच. तो वेदनाशामक गोळी घेतो आणि पुन्हा कामावर जातो. गरज त्याची जास्त आहे, पण सेवा पहिल्याने वापरली.

अँडरसन यांच्या मांडणीची खरी धार इथे आहे. सेवेचा वापर मुख्यतः गरजेवर ठरत असेल तर ती व्यवस्था न्याय्य. तो पैसा, ओळख, सुट्टी आणि भाषेवर ठरत असेल तर अन्याय्य. ‘कोण किती वेळा गेलं’ हे मोजून भागत नाही. गरजेच्या मानाने कोण गेलं आणि कोण राहिलं, हे बघावं लागतं.

पैसे लावले की लोक शहाणे होतात का?

अमेरिकेत राहणाऱ्यांना डिडक्टिबल आणि कोपे हे शब्द पहिल्याच महिन्यात पाठ होतात. त्यामागचा युक्तिवाद असा: सेवा फुकट असेल तर लोक उगाच जातात. खिशाला थोडी चाट बसली की विचार करून, गरज असेल तरच जातील.

हे खरं आहे का, हे रँड या संस्थेने प्रयोग करून तपासलं. १९७४ ते १९८२ या काळात अमेरिकेतल्या सहा ठिकाणच्या हजारो लोकांना, जवळजवळ चिठ्ठ्या टाकून, वेगवेगळ्या विमा योजनांमध्ये घातलं. काहींना सगळं फुकट, काहींना खर्चाचा चौथा हिस्सा, काहींना निम्मा, तर काहींना ९५ टक्के खर्च स्वतः द्यायचा होता. कुणी कंगाल होऊ नये म्हणून वर्षाच्या खर्चाला उत्पन्नानुसार मर्यादाही होती.

ज्यांना पैसे द्यावे लागत होते ते कमी वेळा गेले, हे अपेक्षितच होतं. पण त्यांनी कमी काय केलं? नको असलेल्या सेवा आणि खरोखर उपयोगी सेवा, दोन्ही साधारण सारख्याच प्रमाणात. सरासरी माणसाच्या प्रकृतीवर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. मात्र गरीब आणि रक्तदाब असलेल्या लोकांमध्ये, ज्यांना सेवा फुकट होती त्यांचा रक्तदाब जास्त आटोक्यात राहिला. म्हणजे नुकसान सगळ्यांचं सारखं झालं नाही. जे आधीच गरीब आणि आजारी होते त्यांना त्याची झळ बसली.

नीट विचार केला तर यात नवल नाही. छातीत दुखतंय ते पित्त आहे की हृदय, हे कळावं म्हणून तर आपण डॉक्टरकडे जातो. ‘गरज असेल तरच जा’ असं सांगणं म्हणजे डॉक्टरांनी द्यायचं उत्तर माणसाने घरीच शोधावं, असं सांगणं.

पण जास्त वापर म्हणजे चांगलं आरोग्य, असाही अर्थ काढू नका. १९७३ साली जॉन वेनबर्ग आणि त्यांचे सहकारी ॲलन गिटेलसन यांनी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याचे आकडे प्रसिद्ध केले. लहानसं राज्य, लोकवस्ती बरीचशी एकसारखी. तरीही घशातल्या टॉन्सिल्स काढण्याच्या शस्त्रक्रियेचं प्रमाण एका भागात दुसऱ्यापेक्षा दहापटींहून जास्त होतं. इतका मोठा फरक मुलांच्या घशांमधला असणं शक्य नव्हतं. तो होता त्या-त्या भागातल्या डॉक्टरांच्या सवयीतला. म्हणजे सेवेचा वापर रुग्ण एकटा ठरवत नाही. तो दारात पोचल्यावर आतली माणसंही ठरवतात.

तीन उशीर आणि एक वर्तुळ

१९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी बाळंतपणात होणाऱ्या मृत्यूंबद्दल एक निबंध लिहिला. त्यातली ‘तीन उशीर’ ही कल्पना आज जगभर वापरली जाते. पहिला उशीर जायचं ठरवण्यात. दुसरा दवाखान्यापर्यंत पोचण्यात. तिसरा पोचल्यावर योग्य उपचार मिळण्यात.

ऐकताना हे तीन टप्पे एकामागून एक येतात असं वाटतं. पण त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की तिसरा उशीर मागे फिरून पहिल्याला जाऊन मिळतो. गावातली एक बाई रात्री बैलगाडीने हॉस्पिटलला गेली, तिथे डॉक्टर नव्हते, रक्त नव्हतं, कुणीतरी खेकसलं, आणि ती परत आली ती शेवटचीच. पुढच्या बाईच्या वेळी घरातले लोक जायला वेळ लावतील. बाहेरून बघणारा म्हणेल, ‘किती अडाणी लोक, वेळेवर आणत नाहीत.’ पण त्यांनी आधीच्या अनुभवावरून काढलेला निष्कर्ष तर्काला धरूनच असतो.

हे फक्त खेड्यातल्या बैलगाडीपुरतं नाही. स्कॉटलंडमध्ये पाच लाखांहून जास्त रुग्णांच्या नोंदी घेऊन, जीपीची अपॉइंटमेंट ठरवून न येणाऱ्यांचा अभ्यास झाला. अशा लोकांबद्दल सर्वसाधारण मत ‘बेफिकीर’ असं असतं. २०१९ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष निराळंच सांगत होते. दीर्घकाळचा मानसिक आजार असलेल्या ज्या लोकांनी वर्षाला दोनपेक्षा जास्त अपॉइंटमेंट चुकवल्या, त्यांच्या मृत्यूचा धोका एकही न चुकवणाऱ्यांच्या आठपटींहून जास्त होता. म्हणजे ‘आला नाही’ हा शेरा पुष्कळदा धोक्याची घंटा असतो, आणि आपण तो हजेरीपटावरच्या गैरहजेरीसारखा वाचतो.

लहान मुलांच्या बाबतीत ब्रिटनमधल्या अनेक ठिकाणी आता ‘आलं नाही’ असं लिहायचं थांबवून ‘आणलं गेलं नाही’ असं लिहितात. चार वर्षांचं मूल स्वतः बस पकडून दवाखान्यात येत नसतं. शेरा बदलला की पुढचा प्रश्नही बदलतो. कुणी आणायचं होतं, आणि त्यांना काय अडचण आली?

याच्या आधी, १९७१ साली, ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरांनी एक निरीक्षण मांडलं होतं. हे वेल्समधल्या कोळसाखाणीच्या एका गावात जीपी होते. जिथे चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज सर्वांत जास्त, तिथेच ती मिळण्याची शक्यता सर्वांत कमी, आणि आरोग्यसेवा जितकी बाजारावर सोपवावी तितकी ही उलटी गत वाढते, असा त्याचा गाभा. आज ते ‘उलट्या सेवेचा नियम’ म्हणून सांगितलं जातं. हार्ट निबंध लिहून थांबले नाहीत. गावातल्या लोकांनी तक्रार घेऊन यावं अशी वाट न बघता त्यांनी सगळ्या प्रौढांचा रक्तदाब मोजायला घेतला. रक्तदाब दुखत नाही. तो असलेला माणूस स्वतःहून येणार कसा?

गडचिरोलीतले दोन आकडे

आता आपल्याकडचं उदाहरण. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्यांचीच नव्हे, त्रास असो वा नसो, गावातल्या स्त्रियांची. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा जास्त स्त्रीरोग होते. आणि याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के.

या दोन आकड्यांमध्ये हा सगळा लेख मावतो. दवाखान्याची वही बघितली असती तर ‘या भागात स्त्रीरोगांचं प्रमाण फारसं नाही’ असाच निष्कर्ष निघाला असता. अंगावरून पांढरं जाणं, पाळीचा त्रास, ओटीपोटात दुखणं, हे सगळं ‘बायकांचं असतंच’ म्हणून खरोखर अंगावर काढलेलं. दाखवायचं कुणाला, पुरुष डॉक्टरला? सांगायचं कुठल्या शब्दांत? मजुरी बुडवून जायचं, तर घरात विचारायचं कुणाला? अँडरसन यांच्या यादीतली गरज काठोकाठ भरलेली, आणि हाताशी साधन एकही नाही.

पुढे बंग दांपत्याच्या ‘सर्च’ या संस्थेने हॉस्पिटल उभारायचं ठरवलं तेव्हा आधी आदिवासींना विचारलं की तुम्हाला कसा दवाखाना हवा. मोठ्या इमारतीची त्यांना भीती वाटत होती, आणि रुग्णाला एकटं आत ठेवून नातेवाइकांनी बाहेर थांबायचं हे पटत नव्हतं. म्हणून शोधग्राममधला दवाखाना गोंड गावासारखा बांधला गेला, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा, आणि नाव मिळालं त्यांच्या देवीचं: माँ दंतेश्वरी दवाखाना.

नवजात बाळांच्या बाबतीत त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. आजारी तान्ह्या बाळाला घेऊन लोक हॉस्पिटलला जात नव्हते, तर सेवाच घरी नेली. गावातल्याच स्त्रियांना बाळाची काळजी घेण्याचं आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करण्याचं शिक्षण दिलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्येच आलेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज भारतात आशाताई नवजात बाळाला बघायला घरी जातात, त्या पद्धतीमागे हे काम आहे.

बॉस्टन, वेल्स आणि गडचिरोली यांच्यात एक गोष्ट समान आहे. ‘लोक का येत नाहीत’ हा प्रश्न तिथे तक्रार म्हणून विचारला गेला नाही, खरंच उत्तर हवं म्हणून विचारला गेला.

तुमची स्वतःची वही

आता हे स्वतःला लावून बघा. भारतातून आलेल्या तरुण माणसाच्या डोक्यात आरोग्यसेवेचा एक नकाशा तयार असतो. कान दुखला तर कानाचा डॉक्टर, त्वचेला काही झालं तर त्वचेचा. संध्याकाळी जायचं, नंबर लावायचा, फी द्यायची. नाहीतर कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला विचारायचं. ब्रिटनमध्ये आल्यावर हा नकाशा निरुपयोगी ठरतो. इथे आधी जीपी, मग त्याला वाटलं तर स्पेशालिस्ट. दहा मिनिटांची भेट, त्यात पॅरासिटामॉल आणि ‘दोन आठवड्यांनी बघू’. मग ‘इथे काही उपयोग नाही’ असं म्हणून माणूस सोबत आणलेल्या अँटिबायोटिकची पट्टी उघडतो, किंवा पुण्याच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो, किंवा दात, डोळे, रक्ततपासणी सगळं डिसेंबरच्या सुट्टीसाठी राखून ठेवतो.

यातलं काही चुकीचंच आहे असं मी म्हणणार नाही. ओळखीच्या डॉक्टरांशी आपल्या भाषेत बोलता येणं ही मोठी सोय आहे. पण यामुळे तुमची फाइल दोन देशांत वाटली जाते, आणि कुठल्याच डॉक्टरला ती पूर्ण दिसत नाही. शिवाय काही सेवा अशा असतात की तुम्ही नोंदणीकृत असलात तरच त्या तुमच्याकडे चालत येतात. ब्रिटनमध्ये २५ ते ६४ वयाच्या स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचं बोलावणं येतं ते जीपीकडच्या नोंदणीवरून. नाव नोंदवलं नसेल तर पत्र येत नाही, आणि न आलेल्या पत्राची उणीव कुणाला जाणवत नाही.

व्हिसाबरोबर तुम्ही आरोग्य अधिभार भरलेला असतो. तो २०१५ साली सुरू झाला तेव्हा वर्षाला २०० पौंड होता, फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५ पौंड आहे, विद्यार्थ्यांना ७७६. पैसे भरून झाले, तर निदान नोंदणी तरी करा. इंग्लंडमध्ये त्यासाठी पत्त्याचा पुरावा नसला तरी जीपी नकार देऊ शकत नाहीत. इंग्रजीत सांगणं अवघड जात असेल तर दुभाष्या मागता येतो, त्याचे पैसे लागत नाहीत. तातडीचं आहे की नाही हे कळत नसेल तर १११ वर फोन करा.

अमेरिकेतल्यांसाठी दोन गोष्टी. १९८६ च्या कायद्यानुसार इमर्जन्सीमध्ये आलेल्या माणसाला, पैसे असोत वा नसोत, तपासून स्थिर करणं बहुतेक हॉस्पिटलांवर बंधनकारक आहे. बिल नंतर येतं, आणि मोठं येतं, हेही खरं. म्हणूनच वेळ हातात असताना विद्यापीठाचं आरोग्यकेंद्र आणि आपल्या विम्याच्या यादीतला एक नेहमीचा डॉक्टर शोधून ठेवा. वर्षाची प्रतिबंधक तपासणी बहुतेक योजनांत, यादीतल्या डॉक्टरांकडे, वेगळे पैसे न देता होते.

आणि एक गोष्ट घरच्यांबद्दल. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात ते रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या मोजून घेऊन. इथे काही दुखलं तर ते सांगत नाहीत. लेकाला खर्च होईल, सुनेची सुट्टी जाईल, ‘आता परत गेल्यावर दाखवू’. अँडरसन यांच्या मांडणीत बसवून बघितलं तर त्यांची गरज आहे, पण साधनांची दोरी पूर्णपणे तुमच्या हातात आहे. ती हातात असल्याचं त्यांना माहीत आहे, म्हणूनच ते गप्प आहेत. त्यामुळे ते येण्याआधीच प्रवास विमा काढा, त्यात जुने आजार धरले आहेत का ते वाचा, आणि ते आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांना स्पष्ट सांगा की दुखलं तर कुठे जायचं, किती खर्च येईल आणि तो कोण देणार. इंग्लंडमध्ये भेटीला आलेल्या माणसालाही जीपीचा सल्ला फुकट मिळतो आणि अपघात विभागातली तातडीची तपासणीही. दाखल करावं लागलं तर मात्र बिल लागतं. हे आधी माहीत असलं की आईला छातीतली कळ लपवायचं एक कारण कमी होतं.

‘आधी का नाही सांगितलंस?’ हे आपण सगळेच विचारतो. तो प्रश्न विचारला की समोरचा माणूस गप्प होतो, कारण त्याला त्यात आरोप ऐकू येतो. आमच्या क्षेत्रात गेली साठ वर्षं हाच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारला जातो: जायचं मनात आलं होतं का, आणि आलं असेल तर कुठे अडलं? सुट्टी, पैसे, भाषा, लाज, मागच्या वेळचा अनुभव, सोबत येणारं कुणी नसणं, यातलं काहीतरी उत्तर मिळतं. त्यातल्या निम्म्या गोष्टींवर तुम्ही स्वतः काही करू शकता. पुढच्या रविवारच्या कॉलवर विचारून बघा, आणि त्यांनी उलटून तुम्हाला विचारलं तर खरं सांगा.